किल्ली ह्यांच्या गळ्यात व्हती

सोडू नको, धरून ठेव, मी येतोय, असं हे पलीकडच्या काठावरनं ओरडत व्हते आणि पाणी माझ्या कानात, नाकात, तोंडात, आणि शिवू खांबाच्या त्या अंगाला आणि मी ह्या अंगाला, मधी साखळी, साखळीला कुलूप. दोन ट्यूब, एक तिची एक माझी, साखळीनं एकमेकीला बांधलेल्या, आणि नदीतल्या बांबूच्या पुलाचा खांब बरोबर दोघींच्या मधी आला. बाकी काय न्हाई झालं, एवढंच झालं. साखळी खांबाला अडकली, पाणी मागनं ढकलायला लागलं आणि तिची ट्यूब एका बाजूनं खाली जायला लागली, भांडी घासताना ताटली टोपात तिरपी बुडते ना, तशी. खांबाला वळसा घालून मी तिचा दंड धरला व्हता आणि बांबूचं फुटलेलं टोक माझ्या हातात रुतत व्हतं. वर पुलावर दोन गोरी पोरं हात हलवत व्हती, त्यांना वाटलं आमी खेळतोय. काठावरच्या दारूच्या माचीवर गाणं येवढं मोठ्यानं लावलेलं की बांबू थरथरत व्हते. शिवू रडत नव्हती. चार वर्षांची माझी पोरगी, नुसती बघत व्हती, आणि पाणी तिच्या हनुवटीला लागलं व्हतं.

आता परत तेच दिवस आलेत. थंडी पडली, मोशीच्या पुलावरनं सकाळी बघितलं तर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, लोकं गाडी थांबवून त्याचा फोटो काढतात, बर्फ पडल्यासारखा दिसतो म्हणतात, नाक धरून काढतात पण काढतात. हरभऱ्याच्या ढाळ्याच्या गाड्या लागल्या. त्यावर सिमेंटची धूळ बसलेली असते, तरी पोरं सोलून खातात. आमच्या घरासमोर सिमेंटचा मिक्सर दिवसभर गरगर फिरतो, आणि त्या आवाजात मला पाण्याचा आवाज येतो. खरं सांगते, येतो. मी ह्यांना एकदा म्हणलं तर म्हणले, डोक्यात घेऊ नको. मी कुठं घेते डोक्यात, त्योच येतो.

आमी मोशीचेच. सासऱ्यांची वावरं व्हती तिथं आता सोसायट्या झाल्यात आणि त्यातल्याच एकीत आमी राहतो. बाथरूम जिथं हाय तिथं विहीर व्हती असं सासूबाई सांगतात. त्यांना आमी आई म्हणतो. हे चाकणला कंपनीत मेंटेनन्सला हायेत. धाकटे भाऊजी हिंजवडीला कॉम्प्युटरवर. लाओसला जायचं खूळ भाऊजींचं. मला तर तो देश हाय हेच ठाऊक नव्हतं, मी नववीत शाळा सोडली, नकाशात आमच्या बाईंनी भारताच्या पुढं काय दाखवलंच न्हाई. भाऊजी म्हणले, "वहिनी, बॅग पाठीवर टाकायची आणि सुटायचं. हॉटेलबिटेल काय न्हाई. जिथं रात्र झाली तिथं झोपायचं, मिळंल ते खायचं."

मी म्हणलं, "असं तर ऊसतोडीवाले फिरतात."

"त्येच तर," म्हणले, "लोकं पैसे देऊन तसं फिरतात आता."

त्यांचे तीन मित्र व्हते बरोबर, हिंजवडीचेच, दाढ्या कोरलेले, सगळ्यांना भावा भावा म्हणणारे. आई म्हणत व्हत्या पोरीला नेऊ नका. नेऊ नका म्हणल्या म्हणून हे जास्तच न्यायला लागले. मला कोणी विचारलं न्हाई, पण मला जायचं व्हतं, ते मी लपवत न्हाई. लग्नानंतर एक तुळजापूर सोडलं तर मी तळेगावाच्या पुढं गेले नव्हते, तेपण नणंदेकडं, डोहाळजेवणाला. विमानात बसल्यावर शिवूनं खिडकीला नाक लावलं, मी पण लावलं. तेवढं एक मला पाहिजे व्हतं आणि ते मिळालं.

तर ही साखळी. ही रेल्वेत सीटखाली बॅग बांधतात ती बारकी साखळी, कुलपाची, स्टेशनवर विकायला येतात ती. लग्नानंतर तुळजापूरला जाताना ह्यांनी घेतली व्हती. परदेशात चोर असतात म्हणून बरोबर घेतली. तिथं खोलीत बाकी पोरं बॅगा उघड्या टाकून फिरायची आणि हे रोज पलंगाच्या पायाला साखळी घालून कुलूप ओढून बघायचे, दोनदा. गोरी माणसं बघत राहायची. मला लाज वाटायची आणि बरं पण वाटायचं.

ह्यांच्या कुलपाचं तुमाला सांगायला पाहिजे, न्हाईतर तुमाला वाटंल वेडे हायेत. कंपनीत मशीनच्या आत उतरायचं असलं की आधी लाइट बंद करून मेन बटणाला आपलं कुलूप लावायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्यावर नाव. किल्ली आपल्या अंगावर. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, मोठा साहेब आला तरी न्हाई. ह्यांच्या बरोबरचा एक जण आत काम करत व्हता तर वरच्यानं घाई केली, कुलूप कटरनं कापलं, मशीन चालू केलं. त्याची बोटं गेली. हेच त्याला टॉवेलात हात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेले, आणि तो टॉवेल मी धुतला न्हाई, टाकून दिला. तेव्हापास्नं ह्यांचं सगळं आयुष्य त्या कुलपावर चालतं. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कुलूप, गॅसच्या कपाटाला कुलूप. मी लावलं, मीच काढणार. मला कधी वाईट वाटलं न्हाई त्याचं. आपल्या माणसाला आपली काळजी हाय म्हणायची आणि किल्ली मागायची.

त्या दिवशी सकाळी एका टेंपोवर काळ्या ट्यूब रचून, ट्रकच्या चाकात असतात त्या, आमाला नदीच्या वरच्या अंगाला सोडलं. उन्हानं रबर इतकं तापलेलं की मांडीला चटका बसायचा. वास आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याच्या दुकानाचा, बंद डोळ्यानं मोशीत हाय वाटावं असा. डोंगर मात्र भिंतीसारखे सरळ उभे, आपल्या मावळातल्यासारखे टेकलेले न्हाईत. नदी हिरवी. तिथं हीच मजा असते, ट्यूबमधी बसायचं आणि वाहत जायचं, काठाकाठाला बांबूच्या माच्या, तिथनं दारूवाले दोरी फेकतात, दोरीच्या टोकाला बाटली बांधलेली, ती धरली की ओढून घेतात, पाजतात, नाचवतात, परत पाण्यात सोडतात. आमच्या पुढं मागं सगळी उघडी माणसं, लाल लाल, ओरडत, एकमेकांना उलटवत, कोण ओकतंय, कोण गातंय. भाऊजींचे मित्र तर सकाळपास्नंच सुरू झाले व्हते. मला त्यांचा राग येत व्हता आणि नदीचा मोह पण पडत व्हता, दोन्ही एकदम.

बसायच्या आधी काठावर हे बोलणं झालं. भाऊजी म्हणले, "दादा, शिवूला वहिनीच्या मांडीवर बसव ना."

"मांडीवर नको. उलटली तर दोघी जातील. वेगळ्या ट्यूबमधी, पण बरोबर."

"मंग दोरी बांध."

"दोरी सुटते," हे म्हणले, आणि बॅगेतनं साखळी काढली.

एक मित्र म्हणाला, "भावा, बायकोला कुलूप लावतो का काय?"

दुसरा म्हणाला, "राव, बरोबर हाय त्याचं, परदेश हाय, कोणी नेली म्हणजे?"

सगळे हसले. हे हसले. मी पण हसले. दोन्ही ट्यूबांच्या भोकातनं साखळी घालून ह्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली आणि म्हणले, "मी लावलंय, मीच काढणार." शिवूला जॅकेट दिलं ते मोठ्या माणसाचं, तिच्या गुडघ्याला येणारं. मी माझी ओढणी तिच्या जॅकेटावरनं दोनदा फिरवली, पायातनं काढली आणि पाठीमागं गाठ मारली. तेवढं मी केलं व्हतं. ते कोणाच्या लक्षात न्हाई.

मंग एका माचीवरनं दोरी आली, ह्यांनी धरली. ह्यांना वाटलं आपण दोरी धरली म्हणजे आमाला पण ओढून घेता येईल, आमची ट्यूब त्यांच्या पायाशीच व्हती, पायानं अडवायला गेले आणि आमी निसटलो. ते काठाला गेले, आमी पुढं. पुढं पूल.

लहानपणी भामा नदीच्या काठाला आमचं गाव, चाकणच्या पलीकडं, तिथं दादांनी मला पोहायला शिकवलं, दादा म्हणजे माझे वडील. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचे आणि डोहात सोडून द्यायचे. मी दादांच्या मानेला मिठी मारून बसायची, नखं रुतवायची. ते हळूच एकेक बोट सोडवायचे. म्हणायचे, माझ्या गळ्यात पडशील तर दोघं जाऊ, डब्यावर भरवसा ठेव. आणि खरंच, हात सुटला की पाणी उचलून धरायचं. डोहाचं पाणी वरनं कोमट आणि पायाशी गार, ते मला अजून आठवतं, आणि उताणं झोपलं की कान पाण्याखाली जाऊन जगाचा आवाज बंद व्हायचा, नुसतं आभाळ राहायचं. बाई, काय सुख व्हतं ते. त्या डोहाच्या वर आता कंपनीची भिंत आलीय आणि पाण्याला वास येतो, पण ते असू दे.

खांबापाशी मला हे सगळं आठवलं असं मी म्हणणार न्हाई. तेव्हा काय आठवत नसतं. हातालाच काय कळलं ते कळलं. ट्यूब बुडत व्हती, बुडणारी ट्यूब तिला धरून व्हती, आणि मी तिला ट्यूबला धरून व्हते. कुलूप उघडत नव्हतं, दातानं तर उघडणार न्हाई. हे पाण्यात उडी टाकून येत व्हते, किल्ली गळ्यात, मधी सगळी नदी. मी तिला बगलेत धरून ट्यूबच्या भोकातनं उपसली. "शिवू, पाठीवर झोप, वर बघ," म्हणलं. आणि बोटं उघडली.

नारंगी जॅकेट गोल फिरलं, एकदा, परत, आणि गेलं. तेवढ्यात हे वरच्या अंगानं मधोमध वाहत आले. त्यांनी हात टाकला. तिचं जॅकेट त्यांच्या बोटांना लागलं आणि पुढं गेलं, मी बघितलं ते. हे तिच्या मागं जायला लागले, पाण्यानं त्यांनाच आमच्या खांबावर आणून आपटलं. एवढा मोठा माणूस, तो माझ्या ट्यूबला धरून राहिला आणि माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी कोणीतरी भलतीच बाई हाय.

खाली वळणावर एक बाई गुडघाभर पाण्यात शेवाळ गोळा करत व्हती, तिकडं ते खातात, वाळवून. तिनं टोपली टाकली, दोन पावलं पुढं झाली आणि शिवूची कॉलर धरून तिला उचलली, धुणं वाहत चाललं तर आपण उचलतो तशी. आमी पोचलो तर शिवू तिच्या कडेवर, हातात चिकट भाताचा गोळा, खात व्हती. ती बाई आमच्यावर ओरडत व्हती. ह्यांच्यावर, भाऊजींवर, त्या तीन शहाण्यांवर, एकेकाकडं बोट करून. शिव्याच असणार. एक शब्द कळला न्हाई आणि सगळं कळलं. माझ्यापाशी आल्यावर गप्प झाली, शिवूला माझ्याकडं दिलं, माझ्या हाताचं रक्त बघितलं आणि आपल्या लुंगीच्या सोग्यानं पुसलं. त्या दिवसात मला कोणी हात लावला तो तेवढाच.

खांबापाशी आधी काय झालं ते राहिलं. ह्यांनी किल्ली काढली, ती बोटांतनं निसटली, पाण्यात गेली. भाऊजींच्या एका मित्रानं मंग ट्यूबची हवा सोडली, ट्यूब चपटी झाली आणि साखळीतनं निघाली. तोच मित्र नंतर म्हणाला, "वहिनी, व्हॉल्व्ह तर समोरच होता. हवा सोडायची ना. सिंपल होतं." सिंपल. त्याला माझ्या जागेवर बांधायला पाहिजे व्हता, पोरगी हनुवटीपर्यंत बुडत असताना, आणि मंग विचारायला पाहिजे व्हतं व्हॉल्व्ह कुठं असतो.

तेव्हापास्नं ज्याला त्याला उत्तर ठाऊक हाय. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणतात, मी असते तर पोरीला खांबावर चढवली असती. भाजीवाली म्हणते, मी असते तर केस धरले असते. चुलतसासू म्हणतात, मी गेलेच नसते. सगळ्याजणी हितं कोरड्या जमिनीवर, चहा पीत, मी असते तर. माझी आई फोनवर म्हणाली, तोंड बंद ठेव, संसार कर. आणि सासूबाई माझ्याकडं बघून बोलत न्हाईत, त्या भिंतीकडं बघून बोलतात. "मांजर सुदीक पिल्लाला तोंडात धरून पळती. हिनं पोर पान्यात टाकलं. दुसऱ्याच्या देशात." मी एकदा म्हणलं, "टाकलं न्हाई, आई. सोडलं." म्हणल्या, "व्हय, लई फरक हाय."

फरक हाय. मला सांगता येत न्हाई पण हाय.

शिवूला आंघोळ आता त्याच घालतात. मी बादली भरायला गेले तर दारात उभ्या राहतात. झोपायला पण त्यांच्याकडं. माझ्या कुशीतली जागा गार असते, ह्या थंडीत तर जास्तच, मी तिथं उशी ठेवते आणि परत काढते. एकदा केस विंचरताना शिवूनं विचारलं, "मम्मी, तू मला सोडलं व्हतं ना?" माझा कंगवा थांबला. मी म्हणलं, "व्हय, सोडलं." ती म्हणाली, "मला वर पक्षी दिसला." एवढंच म्हणाली आणि रिबीन कुठली लावायची ते सांगायला लागली. ती घाबरत न्हाई पाण्याला. मी घाबरते. इंद्रायणीचा पूल आला की मी रिक्षात डोळे मिटते, आणि उघडले की ह्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की ते तिथं परत हात टाकतात, आणि परत बोटांना जॅकेट लागतं. ते कधी बोलले न्हाईत तसं. ते म्हणतात, "मी येतच होतो. अजून जरा धरली असती तर." त्यांना माझा राग न्हाई, त्यांना त्या बोटांचा राग हाय. पण बोटांना घरातनं काढता येत न्हाई.

मला काढता येतं. न्हाई, मला पण न्हाई काढत, शिवूला काढतात. शाळांच्या ऍडमिशनचे दिवस आलेत ना. नणंदेनं सांगितलं तळेगावात शाळा चांगली हाय, तिला माझ्याकडं ठेवा, सुट्टीला येईल लोकलनं. कोणी म्हणत न्हाई की आईपासनं लांब ठेवायची. सगळे शाळेचंच बोलतात. इंग्लिश कसं हाय, मैदान कसं हाय. तिचे स्वेटर आईंनी कपाटातनं काढून वेगळे ठेवले. मी बघितलं, परत कपाटात ठेवले. दुपारी परत बाहेर.

काल रविवार. नणंद तिला न्यायला आली व्हती. शिवू आतल्या खोलीत कार्टून बघत व्हती. मी चहा घेऊन आले तर हे म्हणले, आवाज चढवून न्हाई, हळूच, जसं शिवूला ताप आल्यावर बोलतात तसं म्हणले, "हे बघ, मला पण तिला पाठवायची हौस न्हाई. तू फक्त सगळ्यांसमोर एकदा म्हण. चुकलं माझं, परत मी सांगितल्याशिवाय हात सोडणार न्हाई. बास. मी ताईला आत्ता परत पाठवतो."

नणंद म्हणाली, "मला काय तिला न्यायचंच असं न्हाई बाई."

भाऊजी मोबाइलमधी बघत म्हणले, "वहिनी, टाका ना म्हणून. दोन शब्द तर हायेत. मनात काय पण असू द्या."

आई भिंतीकडं बघत व्हत्या.

दोन शब्द हायेत, मला माहीत हाय. पण ते मी बोलले की ते घरातच राहतील, मी रोज त्यांच्यावरनं पोछा मारीन. शिवू मोठी होईल, तिला कोणीतरी सांगंल, तुझ्या आईनंच कबूल केलं व्हतं. आणि परत कधी कुठं पाणी चढलं, आग लागली, गाडी अडकली, तर मी काय करीन? थांबीन. किल्ली यायची वाट बघीन. शब्द दिलेला असंल ना. माझा हात माझ्याकडं राहणार न्हाई. आणि मी न्हाई म्हणलं तर शिवू दारातली कपड्यांची पिशवी उचलून जाते, लगेच, स्वेटर घालून, आणि मी कोणाची आई मंग, फोनवरची.

चहावर साय धरायला लागली. आतल्या खोलीतनं कार्टूनचा आवाज एकदम बंद झाला, म्हणजे ती ऐकत व्हती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत व्हते, आईंनीसुद्धा मान वळवली. मी ट्रे खाली ठेवला.

पुलाखाली तुमी काय केलं असतं ते मला लई जणींनी सांगून झालंय. माझ्या घरात, त्या ट्रेपाशी उभ्या राहून, तुमी काय म्हणला असता?